बाहेर कोण राहिलंय

९ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार, आणि मी तुरुंगातून लिहीत नाहीये. वरच्या मजल्यावरच्या काकूंना हे वाक्य आधी वाचून दाखव, कारण त्यांनी एव्हाना मला बेड्या घालून जिनाभर फिरवलं असेल.

हे एक वसतिगृह आहे. ज्यांच्यावर संगणकातल्या गुन्ह्यांचे खटले आहेत, त्यांना निकाल लागेपर्यंत कोर्ट इथे ठेवतं. मोबाइल नाही, संगणक नाही, टीव्हीचा रिमोटसुद्धा ऑफिसात कुलपात. फोन करायचाच तर फक्त वकिलाला, तोही बाईंच्या समोर. बाई म्हणजे इथल्या अधीक्षक. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मी हाताने पान भरतोय आणि बोटं दुखायला लागली आहेत.

पोलिसांनी तुला काय सांगितलं कोण जाणे, तेव्हा माझ्या तोंडून ऐक. हॉस्पिटलचे सगळे संगणक मी सांभाळायचो हे तुला ठाऊकच आहे. ते काम दुसऱ्या कंपनीला दिलं आणि एका दुपारी मला गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. पास घेतला, पण आत शिरायचा माझा पासवर्ड बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग माझ्या भाड्याच्या खोलीत बसल्या बसल्या मी आत डोकावायला लागलो. काही घेतलं नाही, काही विकलं नाही. नवीन लोक कसं काम करतात एवढंच बघत होतो. कुतूहल म्हण.

खोलीत चार खाटा आहेत आणि एक खिडकी, तिच्यातून बसडेपोची मागची बाजू दिसते. तिथे दिवसभर बस धुतात. एक साठी उलटलेले गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कप्तान म्हणतात. आयुष्यभर गोदामात कारकुनी केली, समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला. पण इंटरनेटवर जहाजाचे कप्तान बनून एकट्यादुकट्या बायकांशी गप्पा मारायचे आणि पुढे त्यांच्याकडून पैसे मागवायचे. दुसरा गोड्या. त्याला नोकरी देतो म्हणून परदेशात नेलं, एका इमारतीत कोंडलं आणि फोनवर गोड बोलून लोकांना गंडवायच्या कामाला बसवलं. आता त्याला जेवायला चल म्हटलं तरी तो नुसती मान हलवतो. तिसरा चॅम्पियन, कॉलेजातला. मित्र म्हणाले तुला जमणार नाही, म्हणून याने कॉलेजचे सगळे संगणक एका दुपारी आडवे केले. त्याला पश्चात्ताप एवढाच आहे की मित्रांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अशा लोकांत मला ठेवलंय. मी त्यांच्यातला नाही, एवढं तू तरी मान.

तुझा
खुडबुड्या


१८ फेब्रुवारी

खुडबुड्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही कोर्टाने काढून घेतलेले नाहीत. पण तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं.

फक्त बघत होतो म्हणजे काय रे? उद्या मी दुकान बंद करून शेजारणीच्या घरात शिरले, तिचं कपाट उघडलं आणि तिला म्हटलं, काही घेतलं नाही हो, कुतूहल होतं, तर ती मला काय चहा करून देईल?

इकडची तऱ्हा सांगते. दुकानात माणसं येतात, पण पँटची उंची कमी करून घ्यायला कमी आणि चौकशीला जास्त. परवा एक बाई कोट घेऊन आल्या. अस्तर बदलायचं होतं. काउंटरपाशी घुटमळत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझे रिपोर्ट त्याच हॉस्पिटलात आहेत. तुमच्या भाच्याने वाचले असतील का हो? मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही." मी कोट घेतला आणि म्हटलं, शुक्रवारी या. शुक्रवारपर्यंत त्या कोटाकडे मला बघवत नव्हतं.

काकूंचं म्हणणं तू लोकांचे आजार औषधवाल्यांना विकलेस. मी त्यांना जिन्यातच चार शब्द सुनावले. सुनावले खरे, पण खाली आल्यावर वाटलं, मला तरी कुठे माहीत आहे?

तर मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. लोकांचे कागद उघडलेस का? हो की नाही. तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं ते तू मोठा साहेब व्हावास म्हणून नाही. पण तू दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसणारा निघालास तर मला ते सोसायचं नाही. त्यापेक्षा तुरुंग परवडला.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

नाही. एकाही माणसाचा एकही कागद उघडला नाही.

तुला पटावं म्हणून सांगतो. निजायच्या आधी तू काय करतेस? गॅस बघतेस, नळ बघतेस, खिडक्या बघतेस आणि शेवटी दाराची कडी. लागलेली असली तरी एकदा ओढून बघतेस. लहानपणी ते काम तू माझ्याकडे दिलंस आणि मी ते इतकं मनावर घेतलं की एका सकाळी तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस आणि मी आतून गॅलरीच्या दाराला कडी लावून, पुढचं दार ओढून शाळेत निघून गेलो. मी परत येईपर्यंत तू ओल्या कपड्यांच्या सोबतीत बसून होतीस. त्यावर तू काय म्हणालीस ते आता आठवत नाही, पण कान कसा दुखत होता ते चांगलं आठवतं.

हॉस्पिटलात मी तेच करत होतो. रोज संध्याकाळी एक फेरी. कुठलं दार उघडं राहिलंय, कुठली खिडकी नीट लागली नाहीये. कॉरिडॉरमधून फिरायचो, कुणाच्या खोलीत शिरलो नाही. कोटवाल्या बाईंना सांग.

खोलीत सगळं ठीक आहे. कप्तान माझ्या सदऱ्याचं बटण लावून देतात आणि लावताना आम्हाला वादळाच्या गोष्टी सांगतात. खोट्या आहेत हे चौघांनाही माहीत आहे, तरी चॅम्पियन मध्येमध्ये विचारतो, मग पुढे काय झालं?

एक विचारू? तुझं अक्षर असं कधीच नव्हतं. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली आल्यात, शब्द एकमेकांवर चढलेत आणि सही तर पानाबाहेर चालली आहे. तू माझ्यावर इतकी रागावली आहेस का, की कागदाकडे न बघता लिहितेस? रागावलीस तर रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

खुडबुड्या


११ मार्च

खुडबुड्या,

अक्षराचं सोड. पेन धड नव्हतं.

तू नाही म्हणतोस, तर नाही. असं मला अगदी मनापासून म्हणायचं आहे, पण अजून म्हणता येत नाही. तो तुझा कप्तानही त्या बायकांना मनापासूनच लिहीत असेल.

आणि तू एक गोष्ट सफाईने गाळलीस. नुसती दारं-खिडक्या बघत होतास, तर त्या सकाळी हॉस्पिटल बंद कुणी पाडलं? माणसं हिरवे झगे घालून उपाशीपोटी बाकावर बसली होती. नर्स येरझाऱ्या घालत होत्या आणि एकाही डॉक्टरला स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं. एक माणूस हात गळ्यात बांधून भिंतीला टेकून उभा होता, बसलं की ठणका वाढायचा म्हणून. त्याची बायको त्याला सारखी म्हणत होती, आता बोलावतील, आता बोलावतील. तिला कुणी सांगायचं, की कुणाला तरी कुतूहल होतं?

मला हे कुणी सांगितलं ते विचारू नकोस. दुकानात सगळं कळतं.

मावशी


२४ मार्च

मावशी,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आता हे तिसरं, आणि ते जसं होईल तसं पाठवणार आहे.

इथे दर आठवड्याला बाई आम्हाला गोल खुर्च्यांवर बसवतात आणि ज्याने त्याने सांगायचं की आपण हे का केलं. कप्तान म्हणाले, "पहिल्याच बाईने मला विचारलं, आज जेवलात का? बायको गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. गोदामातल्या कारकुनाला तिने विचारलं नसतं, म्हणून मी कप्तान राहिलो. पैशांचं नंतर सुचलं. एकदा मागितले की दुसऱ्यांदा लाज वाटत नाही." ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्यातली एक बाई आता मुलाच्या घरी मान खाली घालून राहते, हेही त्यांनीच सांगितलं.

गोड्या त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, आधी मारायचे म्हणून केलं. मग मारणं बंद झालं, कारण त्याला ते चांगलं जमायला लागलं. "मला ते जमत होतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. म्हणून तो आता बोलत नाही. त्याला स्वतःच्या आवाजाचीच भीती वाटते. आणि आमचा चॅम्पियन म्हणाला, त्याचे वडील घरी असले की कायम फोनवर असतात. पोलीस दारात आले त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा फोन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. हे तो हसत सांगत होता, पण बाकी कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कुतूहल. बाई म्हणाल्या, "कुतूहल रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला येतं का हो?" सगळे हसले. मलाही हसू आलं आणि मग खरं काय ते सांगितलं.

मावशी, मला माझा अपमान सहन झाला नव्हता. इतकी वर्षं मी ते सगळं एकहाती सांभाळलं आणि निघताना कुणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. मी आत जायचो ते कुठे काही बिघडलंय का बघायला. काहीतरी बिघडावं, माझ्यावाचून अडावं, असं मला वाटायचं. आणि काही बिघडत नव्हतं. मग एका संध्याकाळी नवीन लोकांनी एक दार सताड उघडं टाकलेलं दिसलं, कुणीही बाहेरचा सरळ आत येईल असं. मला कोण आनंद झाला. मी ते बंद केलं, कुलूप बदललं, एकदा ओढून बघितलं आणि समाधानाने झोपलो.

सकाळी हॉस्पिटलमधला रिसेप्शनवरचा जुना मित्र फोनवर रडकुंडीला आलेला. कुणालाच आत जाता येत नव्हतं. नवीन कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे होती. एक शब्द बोललो असतो तर सगळं सुरू झालं असतं, पण बोललो तर मी आत होतो हे कबूल करावं लागलं असतं. मी नुसतं बघतो म्हटलं आणि फोन हातात धरून बसून राहिलो. दुपारी न राहवून मीच फोन करून सगळं सांगितलं. तोपर्यंत तो हात मोडलेला माणूस घरी गेला होता.

आणखी एक सांगतो, ते मी खुर्चीवर बसून सांगितलं नाही. त्या सकाळी मित्राचा फोन आला तेव्हा पहिला थोडा वेळ मला बरं वाटलं होतं. अडलं ना माझ्यावाचून? ते बरं वाटणं आठवलं की मला माझंच तोंड बघवत नाही. मी त्यांच्यातला नाही, असं तुला लिहिलं होतं. मी त्यांच्यातलाच आहे.

माझ्या वकीलबाई येऊन गेल्या. त्या सकाळी परत पाठवलेल्यांचे जबाब घेतलेत. मोडलेला हात सांधला गेलाय, त्या माणसाने जबाबात माझा यथेच्छ उद्धार केलाय, आणि तो केला म्हणून मला हायसं वाटलं. एकच जबाब राहिलाय, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं त्या कुणा बाईंचा. त्यांनी पुढची तारीखच घेतली नाही, पुन्हा फिरकल्याच नाहीत. कोण आहेत, किती वयाच्या आहेत, मला काही माहीत नाही आणि वकीलबाई सांगत नाहीत. त्यांचा डोळा गेला असेल तर? मला शिक्षा काय व्हायची ती होवो. त्या बाईंना दिसतंय एवढं मला कुणीतरी सांगायला हवं.

खुडबुड्या


६ एप्रिल

खुडबुड्या,

हे अक्षर वरच्या काकूंचं आहे. मी सांगतेय, त्या लिहितायत. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही असं त्यांनी कबूल केलंय. (मी काहीही घालत नाहीये. काकू.)

त्या बाईंना दिसतंय. एका डोळ्यावर सध्या पट्टी आहे, पण दुसऱ्याने, अंधुक का होईना, काकू लिहिताना जीभ बाहेर काढतात तेसुद्धा दिसतं. (काढत नाही.) ती बाई मीच रे.

मोतीबिंदू वाढला होता. सुईत दोरा ओवायला रोज काकूंना खाली बोलवावं लागायचं, आणि ते कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांना शपथ घातली होती. तुला सांगितलं असतं तर तू तिथे नोकरीला, रांगेत माझं नाव गुपचूप वर सरकवलं असतंस. मला कुणाच्या आधी नंबर नको होता. नंतर तुझी नोकरी गेली, मग सांगितलं असतं तर म्हणाला असतास, त्या हॉस्पिटलची पायरी चढू नकोस. म्हणून सांगितलंच नाही. आणि तू माझ्या अक्षरावरून माझा राग मोजत बसलास. राग होता, पण ओळी रागाने वाकत नव्हत्या, मला त्या दिसतच नव्हत्या.

आता हसू नकोस. त्या सकाळी झगा घालून बाकावर बसले तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. डोळ्यात सुरी घालणार म्हटल्यावर काय होईल? परत जा म्हणाले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की विचारू नकोस. रस्त्यावर आले, पहिलं दुकान दिसलं त्यात शिरले आणि उभ्या उभ्या लोणी लावलेला पाव खाल्ला. पुढची तारीख घेतली नाही ती तुझ्यामुळे नाही, माझ्या भित्रेपणाने.

पण याचा अर्थ तुला माफ असा काढू नकोस. त्या बाकावर खूश झालेली मी एकटीच. तो हात बांधलेला माणूस माझ्या शेजारीच होता, त्याच्या बायकोला मी पाणी दिलं. तू फोन हातात धरून बसला होतास तेव्हा ती रडत होती. ते तुझ्या नावावर राहणार.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते ऐक. तू लिहिलंस, त्या बाई कोण आहेत मला माहीत नाही. ती ओळ काकूंनी मला वाचून दाखवली आणि मी त्यांना ती पुन्हा वाचायला लावली. अरे, माझं नाव, पत्ता, वय, कुठला डोळा, सगळं त्या संगणकात होतं, आणि तू रोज तिथे फेरी मारत होतास. एकदा जरी ती यादी उघडली असतीस तर मी तुला दिसले असते. आणि दिसल्यावर तू गप्प बसणारा नव्हेस. त्याच संध्याकाळी दारात उभा राहून, मला का सांगितलं नाहीस म्हणून घर डोक्यावर घेतलं असतंस. तू आला नाहीस. म्हणजे तू खरंच कुणाच्या खोलीत शिरला नव्हतास. कोर्टाला काय पुरावे लागायचे ते लागोत, मला माझा मिळाला. तुझ्यावरचा माझा विश्वास पार गेला होता रे, तो परत आला म्हणून मी रडले. (खूप रडल्या. तेव्हा पट्टी नव्हती म्हणून बरं. काकू.)

दुसऱ्या दिवशी जाऊन तारीख घेतली. तू सगळं खरं लिहिलंस, मग मी कसली घाबरतेय, असं वाटलं. ऑपरेशनला काही वेळ लागला नाही आणि सुरी तर दिसलीसुद्धा नाही. वकीलबाईंना जाऊन सांगितलं की मी त्याची मावशी, हे आधी लिहा. मग सांगितलं, उशीर झाला तो मी भ्याले म्हणून, पण ती सकाळ वाया गेली ती त्याच्यामुळे. दोन्ही खरं आहे.

कोटवाल्या बाईंनाही सांगितलं की नाही वाचले. त्या म्हणाल्या, कशावरून? मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळी हकीकत सांगितली. जाताना त्या दुसरा कोट टाकून गेल्या. (मी आजार विकल्याचं बोलले होते ते मागे घेते. काकू.)

मावशी


३ मे

मावशी,

तुझं पत्र मी खिडकीपाशी उभा राहून वाचलं आणि मग मला खाली बसावं लागलं. कप्तान धावत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, काकूंच्या कंसांसकट, आणि उभ्या उभ्या खाल्लेल्या पावापाशी चॅम्पियन हसून हसून खाटेवरून खाली आला. गोड्याने मात्र शांतपणे विचारलं, "डोळ्यात औषध वेळेवर घालतात ना त्या?" त्याचा आवाज खरंच फार गोड आहे. त्याला म्हटलं, विचारून सांगतो. तेव्हा सांग.

आणि मी तुझ्यावर नक्की ओरडलो असतो. अजूनही ओरडणार आहे, समोर आल्यावर.

काल निकाल लागला. तपासणाऱ्यांनीही कोर्टात सांगितलं की मी एकाही रुग्णाचा कागद उघडला नव्हता. तुरुंग नाही. काही वर्षं संगणकाचं काम करायचं नाही, आणि तोवर आठवड्यातून ठरावीक दिवस त्याच हॉस्पिटलात बिनपगारी सेवा. दाराशी चौकशीच्या खिडकीपाशी बसायचं, आलेल्यांना त्यांचा नंबर सांगायचा, बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं. इथल्या बाई म्हणाल्या, अवघड वाटतंय का? मी म्हटलं, हो. हात मोडलेला तो माणूस तपासणीला येईल तेव्हा मी तिथे असेन. त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, पण तोंड लपवणार नाही.

कप्तानांचा निकाल पुढच्या महिन्यात. त्यांना पत्र लिहिणारं कुणी नाही. मी लिहीन असं कबूल केलंय, आणि जेवलात का, हे पहिल्याच ओळीत विचारीन.

शनिवारी येतोय.

खुडबुड्या


६ मे

खुडबुड्या,

अक्षर बघ. ओळी बघ. हे सगळं मी एकटीने लिहिलंय आणि आज सकाळी सुईत दोराही स्वतः ओवला, पहिल्या झटक्यात. काकू बघायला आल्या होत्या, थोड्या हिरमुसल्या. आता त्यांना खाली यायला निमित्त राहिलं नाही, म्हणून त्या निमित्ताशिवाय येतात.

तुझ्या त्या गोड्याला सांग, औषध वेळेवर घालते. न विसरता सांग.

इथल्या तुझ्या खोलीतला जुना संगणकही पोलीस घेऊन गेले, त्या जागी मी शिलाईचं जुनं मशीन ठेवलंय. ते आधी सरकव आणि मग सामान टाक. घर स्पष्ट दिसायला लागल्यापासून कळलं की किती धूळ आहे, तीही तुझ्यासाठी ठेवली आहे. ओरडायचं ते ओरडून घे, मी ऐकून घेईन. मला आता इतकं हलकं वाटतंय की तू काहीही बोललास तरी लागणार नाही.

आणि गॅलरीचं तू विसरलास म्हणालास, मी विसरलेले नाही. तुझा कान धरून मी म्हटलं होतं, कडी जरूर लावत जा, पण आधी बाहेर कोण राहिलंय ते बघत जा.

शनिवारी दार नुसतं लोटलेलं असेल. आत ये, आणि कडी लावायच्या आधी गॅलरीत बघ. मी कपडे वाळत घालत असेन.

मावशी